आई-बाबांचं ग्रीन कार्ड, तुमची सही आणि ‘सगळे घेतात’ ते मेडिकेड

पत्र असं आहे (थोडं कापून देते आहे):

‘ताई, नमस्कार. मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो, अमेरिकन नागरिक आहे. आई (६७) आणि बाबा (७०) यांना मीच स्पॉन्सर केलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोघं ग्रीन कार्डावर इथे आले. बाबा राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झाले, त्यांना पेन्शन आहे. कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं आणि मुदत ठेवींचं व्याज धरून दोघांचं वर्षाचं उत्पन्न वीसेक लाख रुपये होतं. टॅक्स रिटर्नमध्ये मी दोघांना डिपेंडंट, म्हणजे माझ्यावर अवलंबून, दाखवतो. त्यांच्यासाठी व्हिजिटर इन्शुरन्स घेतला होता. डिसेंबरात बाबांच्या छातीत दुखायला लागलं, स्टेंट टाकावा लागला, आणि ‘आधीपासूनचा आजार’ म्हणून कंपनीने क्लेम नाकारला. बिल अठ्ठ्याऐंशी हजार डॉलर आहे. बाबांच्या वॉकिंग ग्रुपमधले एक काका म्हणतात, “मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी विमा, घ्या, सगळे घेतात. वेगळं बिऱ्हाड दाखवा, मुलाच्या नावे भाड्याची पावती करा, भारतातलं उत्पन्न सांगूच नका.” दुसरे म्हणतात, “सरकारी मदतीला हात लावलात की ग्रीन कार्ड गेलं.” मी वैतागून दोघांना जूनपासून आठ महिने पुण्याला पाठवायचं ठरवतोय. त्यात डॅलसला एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) असलेल्या धाकट्या भावाची नोकरी गेली. त्याची मुलगी २०२४ मध्ये इथेच जन्मली. डॉक्टरांच्या ऑफिसमधून तिच्यासाठी मेडिकेडचा अर्ज करा म्हणून सांगितलंय. तो म्हणतो, तसं केलं तर माझं ग्रीन कार्ड कायमचं बुडेल. बाबा गप्प झालेत. मी काय करू?’

प्रिय वाचक,

आधी वॉकिंग ग्रुपचं बघू. दोन्ही काका चुकले आहेत, आणि चूक एकच आहे. अख्ख्या घराला एक उत्तर असतं असं त्यांना वाटतं. इथला कायदा घराकडे बघत नाही. तो एकेका माणसाकडे बघतो: याचं कार्ड कोणतं, ते कोणत्या तारखेचं, याला कोणी आणलं, आणि मागतोय ती मदत कोणती. तुमच्या एका पत्रात आई-बाबा, भाऊ, पुतणी आणि तुम्ही स्वतः असे चार वेगळे खटले आहेत. पुतणीला जे बिनधास्त घेता येतं, त्याला तुमचे बाबा हात लावू शकत नाहीत. भावाला ज्याची भीती वाटते, त्यातलं बरंचसं त्याला लागूच नाही.

आई-बाबांचा प्रश्न मोठा आहे, म्हणून तो आधी घेते.

त्यांच्या ग्रीन कार्डाच्या वेळी तुम्ही आय-८६४ नावाच्या फॉर्मवर सही केली होती. ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्ट. बहुतेक मुलं हा फॉर्म भाड्याच्या करारासारखा शेवटच्या पानावरून सुरू करतात आणि तिथेच संपवतात. त्यात तुम्ही सरकारला लिहून दिलं आहे की या दोघांना गरिबी रेषेच्या १२५ टक्क्यांइतक्या पातळीवर सांभाळायची जबाबदारी माझी. ही सही पाच वर्षांनी आपोआप पुसली जात नाही. आई किंवा बाबा नागरिक झाले, त्यांच्या खात्यात इथल्या कामाच्या चाळीस तिमाह्यांची (साधारण दहा वर्षांची) नोंद झाली, ते कायमचे भारतात परतले किंवा वारले, तरच ती संपते. ती जिवंत असेपर्यंत दोन गोष्टी घडू शकतात. त्यांनी उत्पन्नावर आधारलेली मदत मागितली तर तुमचा पगार कागदावर त्यांचा पगार म्हणून मोजला जाऊ शकतो. आणि मदत मिळालीच, तर ती देणारी यंत्रणा तुमच्याकडून पैसे वसूल करायला येऊ शकते. काकांच्या मुलाकडे अजून कोणी आलं नसेल. म्हणून येणारच नाही असं कोणी लिहून दिलेलं नाही.

त्याच्याही आधी एक भिंत आहे. ऑगस्ट १९९६ मध्ये क्लिंटन यांच्या सहीने झालेल्या कायद्याने नव्या ग्रीन कार्डधारकांना मेडिकेड, फूड स्टॅम्प (किराण्यासाठीची मदत), रोख मदत अशा केंद्राच्या योजनांपासून पहिली पाच वर्षं लांब ठेवलं. निर्वासितांना, लहान मुलांना, सैन्यातल्यांना वेगळे नियम आहेत. काही राज्यं स्वतःच्या तिजोरीतून जास्त देतात. न्यूयॉर्क राज्यात २००१ च्या एका न्यायालयीन निकालामुळे पाच वर्षं न झालेल्या ग्रीन कार्डधारकांनाही राज्याच्या पैशाने मेडिकेड मिळतं. ‘सगळे घेतात’ या वाक्याचा उगम पुष्कळदा नदीपलीकडच्या न्यूयॉर्कमधल्या क्वीन्समध्ये असतो. तिथल्या मावशींना मिळालं म्हणून एडिसनच्या काकांना मिळतं असं नाही.

तुमच्या घरची पाच वर्षं ऑक्टोबर २०२८ मध्ये पूर्ण होतील. मग तेव्हा मेडिकेड मिळेल का? स्पष्ट सांगते: नाही, आणि त्याची आशा धरून बसू नका. पासष्टीच्या पुढच्यांच्या मेडिकेडमध्ये उत्पन्नाबरोबर मालमत्ताही बघतात. एसएसआयचंही तेच; एसएसआय म्हणजे गरीब वृद्धांचा रोख भत्ता. त्यासाठी नवरा-बायकोकडे मिळून ३,००० डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता असता कामा नये, आणि नागरिकत्व नसेल तर वर चाळीस तिमाह्यांची कमाईही हवी. ज्या घरात आपण राहत नाही ते घर हिशेबात धरतात. कोथरूडचा फ्लॅट आणि ठेवी असलेल्या माणसासाठी ही योजना केलेलीच नाही. तुमचे आई-बाबा गरीब नाहीत. त्यांच्याकडे फक्त विमा नाही. हे दोन वेगळे आजार आहेत आणि काका तुम्हाला पहिल्याचं औषध देत आहेत.

भाड्याच्या पावतीबद्दल फार लिहीत नाही. एकाच स्वयंपाकघरात शिजवून एकत्र जेवणारे लोक फूड स्टॅम्पच्या भाषेत एक घर असतात. खोटी पावती, लपवलेलं उत्पन्न आणि त्याखाली बाबांची सही, हे सगळं उद्या नागरिकत्वाच्या मुलाखतीत त्यांच्यासमोर ठेवलं जाईल, काकांसमोर नाही. आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांच्या सह्या तपासलेल्या माणसाला हे करायला सांगू नका.

आता यातला गमतीचा भाग. ‘भारतातलं उत्पन्न सांगू नका’ हा सल्ला बेकायदेशीर तर आहेच, वर तो तुमच्या नुकसानीचाही आहे.

ग्रीन कार्डधारक इथे करदाता असतो आणि त्याचं जगभरातलं उत्पन्न इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. पेन्शन, भाडं, ठेवीचं व्याज, सगळंच. (परदेशातल्या खात्यांमध्ये मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर रक्कम झाली तर एफबार हा वेगळा फॉर्मही असतो. बाबांना ते आवडेल, बँकेचंच काम आहे.) तुम्ही दोघांना डिपेंडंट दाखवता ते बहुधा चुकतंय. डिपेंडंट पालकाचं स्वतःचं करपात्र ढोबळ उत्पन्न २०२५ साठी ५,२०० डॉलरच्या आत असावं लागतं. नुसती पेन्शनच ती रेषा ओलांडत असेल तर बाबा तुमच्या रिटर्नमध्ये बसत नाहीत. ठेवी आणि भाडं कोणाच्या नावे आहे त्यावर आईचं ठरेल. परदेशी उत्पन्नाची समज असलेल्या सीपीएकडे, म्हणजे इथल्या सनदी हिशेबनिसाकडे, जा, जुनी रिटर्न्स दुरुस्त करून घ्या आणि आई-बाबांचं दोघांचं मिळून वेगळं रिटर्न भरा.

हे एवढ्या आग्रहाने का सांगते, तर त्यांचा विमा याच रिटर्नला टांगलेला आहे. राज्याचा विमा बाजार म्हणजे गेट कव्हर्ड एनजे. तिथे ग्रीन कार्डधारकाला पहिल्या दिवसापासून विमा घेता येतो. पाच वर्षांची अट नाही, आधीचा आजार आहे म्हणून नकार नाही आणि स्टेंट आहे म्हणून जास्त हप्ताही नाही. पूर्ण हप्ता भरायचा तर मात्र या वयात दर माणशी महिन्याला हजार डॉलरच्या वर सहज जातो. म्हणून प्रश्न सबसिडीचा. २०२५ पर्यंत गरिबी रेषेखालच्या पण पाच वर्षांच्या भिंतीमागे अडकलेल्या ग्रीन कार्डधारकांनाही सबसिडी मिळायची. ४ जुलै २०२५ च्या मोठ्या कायद्याने ती १ जानेवारी २०२६ पासून बंद केली. आता त्यांचं उत्पन्न रेषेच्या वर असेल तरच ती मिळते. दोन माणसांसाठी २०२६ ची रेषा २१,६४० डॉलर आहे आणि २०२७ च्या विम्याला तीच लागेल.

वीस लाख रुपयांचे आजच्या दराने बावीस हजार डॉलरच्या आसपास होतात. म्हणजे अगदी घासून! उत्पन्न खरं दाखवलं, वेगळं रिटर्न भरलं आणि रेषा ओलांडली, तर मधल्या प्रतीच्या म्हणजे सिल्व्हर विम्यासाठी त्यांना उत्पन्नाच्या साधारण दोन टक्के भरावे लागतील, बाकीचं सबसिडीतून जाईल. शिवाय डॉक्टरकडे खिशातून द्यायची रक्कमही या उत्पन्नगटाला बरीच कमी होते. काकांचं ऐकून उत्पन्न लपवलं तर कागदावर रेषेच्या खाली जाल, आणि मेडिकेड नाही, सबसिडीही नाही.

पण घासून आहे म्हणूनच आकडा नीट काढून घ्या. भाड्यातून दुरुस्ती, मालमत्ता कर आणि घसारा वजा होतो. रुपयाचा दर बदलतो. अंदाज चुकला आणि जास्त सबसिडी घेतली गेली, तर २०२६ पासून ती परत भरायला वरची मर्यादा राहिलेली नाही. एखादी ठेव मोडून जास्त व्याजाच्या ठेवीत टाकायची का, हा निर्णय बाबा आणि सीपीए मिळून घेऊ शकतात. तो प्रामाणिक आहे आणि त्यांच्या हातातला आहे. या सबसिडीचा तुमच्या आय-८६४ वरच्या सहीशी संबंध नाही, आणि ती करसवलत आहे, भिक्षा नव्हे, हेही बाबांना सांगा.

एक अडचण आहे. बाजार नोव्हेंबरात उघडतो. वर्षाच्या मध्येच आत शिरायला खास कारण लागतं, आणि व्हिजिटर इन्शुरन्स संपणं हे ते कारण होत नाही, कारण कायद्याच्या लेखी तो पुरेसा विमाच नव्हे. त्याचमुळे २०१९ पासून न्यू जर्सीत विमा नसलेल्यांना जो राज्य-दंड असतो, त्यातूनही व्हिजिटर इन्शुरन्स वाचवत नाही. सीपीएला तेही विचारा.

बिलाकडे वळू. तुमची आय-८६४ वरची सही हॉस्पिटलच्या बिलाला लागू होत नाही. पण ॲडमिशनच्या रात्री घाईत ‘गॅरेंटर’ (बिलाचा जामीनदार) म्हणून कुठे सही केली आहे का, ते आधी शोधा. मग पैसे न भरता तीन कामं करा. बाबींनुसार तोडलेलं बिल मागा. विमा कंपनीकडे लेखी अपील करा. बऱ्याच पॉलिसींत जुन्या आजाराने अचानक उचल खाल्ली तर मर्यादित रक्कम देण्याचं कलम असतं, वयाच्या अटीसकट. आणि हॉस्पिटलच्या बिलिंग ऑफिसला लिहा की क्लेम नाकारला गेल्यामुळे रुग्णाला विमा नाही असं धरा. न्यू जर्सीच्या २००८ च्या कायद्यानुसार, ज्याचं उत्पन्न गरिबी रेषेच्या ५०० टक्क्यांच्या आत आहे आणि ज्याला विमा नाही, त्याच्याकडून हॉस्पिटल मेडिकेअरच्या दराच्या ११५ टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. इथे इमिग्रेशनचा प्रश्न येत नाही, आणि छापील दर आणि मेडिकेअरचा दर यांत केवढी दरी असते हे इथल्या कोणत्याही नर्सला विचारा. राज्याच्या चॅरिटी केअरमध्ये (गरजूंना हॉस्पिटलच्या बिलात सूट देणारी योजना) बँकेतल्या ठेवीही मोजतात, तेव्हा तिथे फार अपेक्षा ठेवू नका. मात्र ना-नफा हॉस्पिटल असेल तर त्यांची स्वतःची सवलत योजना असावीच लागते आणि घरी आल्यावरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवस अर्ज करता येतो. डिसेंबरचं बिल म्हणजे वेळ आहे, पण उन्हाळा संपेपर्यंत ताणू नका. हे सगळं झाल्यावर उरेल त्याचे बिनव्याजी हप्ते मागा. क्रेडिट कार्डावर चढवू नका. एकदा कार्डावर गेलं की ते हॉस्पिटलचं बिल राहत नाही.

मेडिकेअर हा वेगळाच प्राणी. नावं सारखी असल्यामुळे वॉकिंग ग्रुपमध्ये दोन्हींची भेळ होते. मेडिकेड उत्पन्नावर, मेडिकेअर वयावर. पासष्ट पूर्ण आणि ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षांचं वास्तव्य झालं की इथे एक दिवसही नोकरी न केलेल्यालाही मेडिकेअर विकत घेता येतं. ‘विकत’ हा शब्द लक्षात ठेवा. २०२६ चे दर पार्ट एसाठी (हॉस्पिटलचा खर्च) महिना ५६५ डॉलर आणि पार्ट बीसाठी (डॉक्टरांचा खर्च) २०२.९० डॉलर आहेत, दर माणशी, आणि २०२८ पर्यंत ते वाढतील. चाळीस तिमाह्या काम झालं असेल तर पार्ट ए फुकट, पण सत्तराव्या वर्षी बाबांना त्यासाठी दुकानात उभं करू नका. तुमच्या आई-बाबांची नोंदणीची खिडकी जुलै २०२८ ते जानेवारी २०२९ अशी सात महिन्यांची असेल. तेव्हा बाजारातला सबसिडीचा विमा आणि मेडिकेअर शेजारी शेजारी ठेवून बघा. हुकलात तर पार्ट बीवर दर पूर्ण वर्षाच्या उशिरासाठी दहा टक्के दंड हप्त्याला चिकटतो, तोही पार्ट बी असेपर्यंत. मेडिकेअर घेतल्याने ग्रीन कार्डाला काहीही होत नाही, तुमच्या सहीलाही नाही.

आणि मेडिकेअरसाठी नागरिकत्व लागत नाही. हे आईसाठी लिहिते आहे. अनेक घरांत आईला ‘परीक्षा दे, नाहीतर म्हातारपणी विमा मिळणार नाही’ असं घाबरवतात. नागरिकत्वाच्या नव्या चाचणीत १२८ प्रश्नांच्या यादीतले वीस विचारतात, बारा बरोबर यावे लागतात, आणि वयाची सूट घ्यायला ग्रीन कार्डावर निदान पंधरा वर्षं व्हावी लागतात, म्हणजे इंग्रजीतून सुटका नाही. तिला द्यायची असेल तर आनंदाने द्यावी. भारतीय पासपोर्ट सोडायचा का, हा तिचा प्रश्न आहे, तुमच्या आर्थिक नियोजनातली ओळ नव्हे.

डॅलस. भावाला हा भाग वाचून दाखवा.

पुतणी जन्माने नागरिक आहे. तिच्यासाठी पाच वर्षांची भिंत नाही, आय-८६४ नाही, काही नाही. टेक्ससमध्ये घरचं चालू उत्पन्न कमी झालं की मुलांना मेडिकेड मिळतं, थोडं जास्त असेल तर चिप हा मुलांसाठीचा सरकारी विमा. अर्ज तिचा आहे. जे स्वतःसाठी मदत मागत नाहीत, त्या आईवडिलांना स्वतःची इमिग्रेशन स्थिती लिहावी लागत नाही. फक्त उत्पन्न लिहायचं, आणि ते खरं. पाच वर्षांखालच्या मुलांना दूध-धान्य देणारी विक ही योजना तर इमिग्रेशनचा प्रश्नच विचारत नाही.

भावाला ज्याची धास्ती आहे त्याला ‘पब्लिक चार्ज’ म्हणतात. ग्रीन कार्ड देताना अधिकारी बघतो की हा माणूस पुढे सरकारवर अवलंबून राहील का. डिसेंबर २०२२ पासूनच्या नियमात त्यासाठी मोजतात ते अर्जदाराने स्वतः घेतलेली रोख मदत आणि सरकारी खर्चाने संस्थेत दीर्घकाळ ठेवलं जाणं. मुलीचं मेडिकेड बापाच्या खात्यात पडत नाही. हा नियम मागे घेण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने मांडला, आणि सगळी घबराट तिथून पसरली आहे. पण मूळ कायद्यात बघायच्या गोष्टी वय, तब्येत, कुटुंब, मालमत्ता आणि शिक्षण-कौशल्य याच आहेत, आणि पदवीधर इंजिनिअर त्यांत कच्चा पडत नाही. माझं मत विचाराल तर मुलीचा विमा आज घ्यावा. ताप आलेल्या मुलीला ‘बाबाचं कार्ड येईपर्यंत थांब’ असं सांगता येत नाही. स्वतःसाठी रोख मदत मात्र इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय मागू नये, आणि वकिलाला अर्जाच्या दिवशी लागू असलेला नियम विचारावा, गेल्या वर्षीचा नाही.

त्याचा खरा धोका दुसरीकडे आहे. एच-वन-बीची नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, आणि ते नोकरी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात; नोकरी कधी संपली ते साधारणपणे ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला त्यावरून ठरतं. नवा मालक, दुसरा व्हिसा किंवा परतीचं विमान, यांतलं एक त्या दिवसांत ठरायला हवं. बेकारी भत्ता ही विम्यासारखी कमावलेली गोष्ट आहे, मदत नव्हे, पण त्यासाठी कोणत्याही मालकाकडे उद्यापासून कामाला लागण्याची मोकळीक लागते, आणि एच-वन-बीवाला तिथेच अडकतो. बायकोकडे एच-फोरची (एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावरची) काम-परवानगी असेल तर तिची नोकरी आता घराचा खांब आहे. तुम्ही मोठे भाऊ आहात, तेव्हा त्याला मेडिकेडच्या वादातून बाहेर काढून या साठ दिवसांवर आणा. हवं तर वकिलाची फी तुम्ही भरा.

राहिला पुण्याचा बेत. पाठवायचं म्हणताय ते वाईट नाही. जानेवारीपर्यंत इथे विमा नाही, तिकडे हृदयाच्या डॉक्टरांची तपासणी परवडते, आणि बाबांची माणसं तिकडे आहेत. स्टेंटनंतरच्या गोळ्या आणि लांबचा प्रवास याबद्दल इथल्या कार्डिओलॉजिस्टकडून लेखी घ्या आणि खुशाल जाऊ द्या. पण आठ महिने नकोत. ग्रीन कार्डधारक सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिला की विमानतळावर त्याला नव्याने प्रवेश मागणारा समजता येतं, आणि ज्या पब्लिक चार्जची भावाला भीती आहे तो प्रश्न, विमा नसलेल्या सत्तरीच्या हृदयरोग्याला, तिथे उभ्या उभ्या विचारला जाऊ शकतो. नागरिकत्वासाठीचं सलग वास्तव्यही सहा महिन्यांच्या वर गेलं की तुटलं असं धरतात. मेडिकेअरची पाच वर्षंही सलगच हवीत. वर्षाच्या वर गेलं तर कार्डच धोक्यात. री-एंट्री परमिट (बाहेर जास्त राहून परत येण्याची आगाऊ परवानगी) कार्ड वाचवतं, नागरिकत्वाचं घड्याळ नाही, आणि त्याचा अर्ज इथे असतानाच करावा लागतो.

तेव्हा दहा जूनला निघाले तर १८० दिवस सात डिसेंबरला भरतात. त्या तारखेला चिकटू नका, नोव्हेंबरच्या मध्याचं परतीचं तिकीट काढा. निघण्याआधी तुमची दुरुस्त रिटर्न्स, आई-बाबांच्या सहीचं त्यांचं वेगळं रिटर्न आणि बाबांच्या सहीचा हॉस्पिटलचा अर्ज जाऊ देत. पेन्शनचा दाखला, भाडेकरार आणि ठेवींची व्याजपत्रकं येताना पुण्याहून आणायला सांगा, बाजारात उत्पन्नाचा पुरावा मागतील. नोंदणी डिसेंबर संपायच्या आत करा म्हणजे १ जानेवारीपासून विमा सुरू होईल. आणि बाबांना हा हिशेब तुम्ही समजावू नका. कागद त्यांच्यापुढे ठेवा आणि रेषा ओलांडते का ते त्यांनाच काढू द्या.

तुमची,
ताई